जिन्याखालची जागा

"सात," केसरीनाथ म्हणाला, आणि स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या कमळचा हात तिथंच थांबला. शुक्रवार होता म्हणून ऐकू आलं. एरवी शेजारच्या गुलाम हुसेन शेठच्या कापड कारखान्यात चोवीस पॉवरलूम असे खडखडत असतात की या घरातली माणसं निम्मं बोलणं ओठांवरून ओळखतात. पण शुक्रवारी लूम बंद, आणि लूम बंद असले की नको ते सगळं कानावर पडतं. बाहेरच्या खोलीत बाळाराम मिस्त्री फरशीवर मांडी घालून वरच्या मजल्याचा नकाशा काढत बसला होता. त्यानं साधंच विचारलं होतं, वर पाण्याची टाकी केवढी ठेवायची, घरात माणसं किती? केसरीनाथनं, म्हणजे कमळच्या सख्ख्या थोरल्या भावानं, बोटांवर नावं घेतली. तो स्वतः, बायको जानकी, थोरला हितेश, हितेशची मनाली, त्यांची करिष्मा, धाकटा भाविक, "आनि भाविकची येनारी." सात. घ्या! जी पोरगी वैशाखात यायची आहे, जिचा पाय अजून या उंबऱ्याला लागलेला नाही, ती मोजली गेली, आणि सव्वीस वर्षं या घरात सगळ्यांच्या आधी उठणारी कमळ मोजली गेली नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात. ही तर अजून आलीसुद्धा नव्हती.

चहा घेऊन ती बाहेर आली. मनात म्हणाली, आता कोणीतरी बोलेल. भाविक हसेल, बाबा, आत्या राहिली म्हणेल. जानकीवयनी कपाळाला हात लावेल. चूक काय, कोणाचीही होते. तिनं एकेकाच्या हातात कप दिला, मुद्दाम सावकाश दिला, समोर उभी राहून दिला. कोणी काही बोललं नाही. बाळारामनं कागदाच्या कोपऱ्यात सातचा आकडा लिहून त्याला गोल केला. बरं, कोणाच्या मनात काही काळंबेरं असतं तरी परवडलं असतं. डूख धरून वगळलं असतं तर कमळनं घर डोक्यावर घेतलं असतं. भांडायला ती बापजन्मी भ्यायली नव्हती. पण इथं कोणी तिच्यावर रागावलेलंच नव्हतं. सगळे फुर्र फुर्र करत चहा पीत होते. केसरीनाथनं तर पहिला घोट घेऊन "च्या झ्याक झालीय गो" असंही म्हटलं, आणि तिला सवयीनं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा मग राग आला.

वरच्या मजल्याचं गेल्या वर्षीपासून चाललं होतं. जुलैत कामवारी नदीचं पाणी घरात शिरलं, कमरेएवढं झालं, आणि सगळं बिऱ्हाड दोन दिवस गच्चीवर प्लास्टिक बांधून बसलं, तेव्हा केसरीनाथनं शपथ घेतल्यासारखं सांगून टाकलं की पुढल्या पावसाळ्यात माझी माणसं वर झोपतील. त्यात भाविकचं ठरलं. गच्चीवर कॉलमच्या सळ्या तेवीस वर्षं तशाच उभ्या होत्या. कमळच्या बाबांनी, चिंधूनं, खालचा स्लॅब टाकतानाच त्या ठेवल्या होत्या, पोरं वर बांधतील म्हणून. कमळ त्यांना दोऱ्या बांधून बोंबील वाळवायची. आता मजला ठरला, खोल्या ठरल्या, अडलं ते जिन्यावर. मनालीला जिना बाहेरून पाहिजे होता, रस्त्यावरून थेट वर. केसरीनाथ ऐकायला तयार नव्हता. "भायेरून जिना म्हंजे उद्या वर येगळी चूल," तो म्हणाला. "वर जानारा मानूस माज्या म्होरून जाईल. घर एक हाय." आणि त्याचंही चूक म्हणता येत नव्हतं. इकडं जिना कुठून चढतो त्यावरून घर एक की दोन ते लोक ओळखतात. अंजूरच्या मावसभावानं बाहेरून जिना काढला, तर वर्षाच्या आत वरच्या मजल्याचा गणपतीही वेगळा झाला. दोन गणपती एका घरातून विसर्जनाला निघाले तेव्हा म्हातारी मावशी दारात बसून ढसाढसा रडली होती.

"मंग आतून म्हंजे हा कोपरा," बाळाराम म्हणाला, आणि त्यानं टेपचं टोक नेऊन जिथं टेकवलं तिथं कमळची खाट होती. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधला तो तुकडा. खाट, खाटेखाली पत्र्याची पेटी, आणि शेजारी कांडी भरायचं मशीन. कारखान्यातून सुताच्या रिळांची पेटी यायची आणि कमळ ते सूत मागाच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या कांड्यांवर भरून द्यायची. "आनि आत्या?" हितेशनं विचारलं. म्हणजे तिची खाट तरी कोणाला आठवली. बाळाराम अडला नाही. तो अडत नसे, त्याचा धंदाच तो होता. "जिन्याखाली खाट बसते की," म्हणत त्यानं पायऱ्यांच्या तिरक्या रेघेखाली एक लांबट चौकोन काढला, आणि उरलेल्या जागेत एक गोळा. "ही पान्याची मोटर, पायाशी. उशाकडं तीन फूट, फकस्त जरा वाकाला लागंल." केसरीनाथनं कागद जवळ घेऊन पाहिला. "तिचं काय न्हाय," तो म्हणाला, "ती कुटंबी झोपते." आणि हे त्यानं मायेनं म्हटलं होतं. बहिणीचं कौतुक म्हणून म्हटलं होतं.

मंडळी पांगल्यावर कमळ खाटेवर आडवी झाली आणि तिनं हात वर केला. उशाकडं तीन फूट म्हणजे साधारण इथं. तिनं कोपर वाकवलं, तळहात उलटा करून हवेत धरला. इथं पायरी. उठून बसायचं तर आधी पायाकडं सरकायचं, मग मान काढायची. भिवंडीभर लोकांच्या जिन्याखाली काय असतं ते ती मनात फिरून आली. रिकामा सिलिंडर असतो, विजेचा मीटर असतो, केरसुणी, जुन्या चपला, एक चाक नसलेली तीनचाकी. माणूस कुठं दिसला नाही. मग डोक्यावरून पावलं जातील. सकाळी हितेशची गोडाऊनच्या ड्युटीची घाई, करिष्माच्या उड्या, नव्या नवरीची पैंजणं, सगळं कपाळावरून. आणि पाणी? कामवारी पुन्हा चढली तर वर सातजण कोरडे, आणि खाली मोटर आणि मी. हा विचार आला तशी ती ताडकन उठून बसली. अजून तिथं पायरी नव्हती, तरी तिनं डोकं चुकवलं. ते लक्षात आलं आणि तिला स्वतःची अशी काही चीड आली की सांगता सोय नाही. अगं बये, जिना अजून कागदावर आहे आणि तू आत्तापासून वाकायला लागलीस!

शनिवारी लूम सुरू झाले आणि तिला बरं वाटलं. कांडीच्या मशीनवर हात आपोआप चालतात, सूत सरसर गुंडाळलं जातं, आणि डोकं मोकळं राहतं, पाहिजे तिकडं जायला. डोकं गेलं वडप्याला. आता तिथं हमरस्त्याला लागून गोडाऊनच गोडाऊन आहेत, हितेश त्यातल्याच एकात सुपरवायझर आहे, पण तेव्हा नुसती भाताची खाचरं होती, आणि खाचरांपलीकडं तिचं सासर. तीन वर्षं नांदली. चौथ्या वर्षी नवऱ्यानं दुसरी आणून घरात बसवली आणि कमळला म्हणाला, तूपन राहा, कामाला मानूस लागतंच. केसरीनाथच्या कानावर गेलं तसा तो सायकल मारत आला. ओसरीतही बसला नाही, पाणी प्यायला नाही. "बस मागं," एवढंच बोलला. पेटी हँडलला अडकवली आणि तिला कॅरिअरवर बसवून भिवंडीपर्यंत आणलं. चढाला तो उतरायचा नाही, उभा राहून पॅडल मारायचा, आणि त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा डाग पसरत गेलेला तिला आजही दिसत होता. बाबा दारातच होते. म्हणाले, "आली ना? बरं झालं. घर तिचंबी हाय." बास, एवढंच. त्या दिवसाला ती सव्वीस वर्षं जपत आली होती. भावानं आणलं, बापानं ठेवलं. त्याच्या बदल्यात तिनं काय नाही केलं? हितेशला कडेवर वाढवला, भाविकचा गोवर काढला, वयनीचं बाळंतपण केलं. तिसऱ्या वर्षी कौलं उतरवून स्लॅब टाकला तेव्हा नळ नव्हता, आणि ताज्या स्लॅबला पाणी तर लागतं. एकवीस दिवस ती बांबूच्या शिडीवरून हंडे चढवत होती, सिमेंटची आळी करून स्लॅबवर पाणी उभं ठेवत होती. खांद्याला गाठ आली ती आजही थंडीत दुखते. आता त्याच स्लॅबवर मजला चढणार आणि ती स्लॅबखाली, जिन्याखाली, मोटरशेजारी. मग घर तिचंबी हाय ते कुठं गेलं? बाबा मेले, त्यांच्याबरोबर शब्दही जाळला काय? मशीन रिकामंच फिरत होतं. कांडी केव्हाच भरून गेली होती.

दुपारी भाकऱ्या थापताना एक भलतीच गोष्ट झाली. तांदळाच्या पिठाची उकड काढून ती गोळे करत होती आणि रोजच्यासारखी ओठांत मोजत होती, दादूसच्या दोन, वयनीची एक, हितेशच्या दोन, मनालीची दीड, पोरीची अर्धी, भाविकच्या तीन. दहा. हात थांबले. दहा झाल्या आणि तिनं परात सारली होती. तिची कुठं होती? नव्हती. कधीच नसायची. उरेल ते ती खायची. पोरीनं टाकलेला तुकडा, मनालीनं ठेवलेली अर्धी, तव्यावरची शेवटची मोडकी. सव्वीस वर्षांत तिनं स्वतःला एकदाही मोजलेलं नव्हतं. कमळ पाटावर नुसती बसून राहिली. मग भावाला काय बोल लावायचा? त्यानं तर माझ्याच हातचा हिशोब शिकून घेतला! क्षणभर तिचा सगळा राग निवल्यासारखा झाला. असू दे, झोपू जिन्याखाली, राहिलीत किती वर्षं, असंही मनात येऊन गेलं. पण बाबा म्हणायचे, भीड ही भिकेची बहीण. आजवर भीड धरली ती तिनं, आणि वाटीत पडत गेली ती भीक. तिनं परात पुढं ओढली, हात ओले केले आणि दोन गोळे आणखी केले. त्या दोन भाकऱ्या तिनं मोठ्या थापल्या, चांगल्या फुगू दिल्या, आणि सगळ्यांच्या आधी, गरम गरम, सुक्या जवळ्याच्या चटणीशी तिथंच बसून खाल्ल्या. जानकीबाई दारात आली, पाहत राहिली. "बरं न्हाय का गो?" तिनं विचारलं. "भूक लागली," कमळ म्हणाली.

संध्याकाळी मनाली कपडे काढायच्या निमित्तानं गच्चीवर आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. मनाली ठाण्याची, बारावी पास, बोलायला गोड. "आत्या, मला तर फार वाईट वाटलं," ती म्हणाली. "तुम्ही पप्पांना सांगा ना, जिना बाहेरून काढू द्या. तुमचा कोपरा आहे तसा राहील. तुमचं ते ऐकतील." कमळला हसू आलं. पोरीचा डाव वाईट नव्हता. पोरीला वेगळा उंबरा पाहिजे आणि त्यासाठी आत्याची खाट पुढं करायची. "मनाली, तुला वर खोली हाय?" तिनं विचारलं. "आहे ना." "तिला दार हाय?" "अहो, खोलीला दार असणारच!" "तसंच," कमळ म्हणाली. "मला कोपरा नको." बोंबलांच्या दोरीखालून वाकून ती गच्चीच्या मागच्या अंगाला गेली. तिथून खाडीकडचा वारा येतो, आणि कारखान्याचा आवाजही जरा उणा होतो. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्या प्रत्येकाचा पाय तिच्या खाटेला लागायचा. साडी बदलायची तर न्हाणीघरात जावं लागायचं. ताप आला, रडू आलं, तरी सगळं चव्हाट्यावर. पन्नाशी आली आणि आपल्याला आतून लावायला एक कडी नाही. ती तिथं पावलाला पाऊल लावत, पायांनी फूट मोजत चालली. दहा इकडं, नऊ तिकडं. एवढी खोली पुरे. नवऱ्यानं टाकली तेव्हासुद्धा तिला एवढी हाव सुटली नव्हती, आणि ती हाव तिला मनापासून आवडली.

रविवारी सकाळी सगळे घरात होते. बाळाराम नकाशा पक्का करायला आला होता. हितेशनं एक टाइप केलेला कागद तिच्यापुढं ठेवला आणि पेन उघडून दिलं. "आत्या, हितं सही कर. बँकेच्या कर्जाचं काम हाय. आजोबांच्या नावावर घर हाय ना, म्हनून वारसांच्या सह्या लागतात. नुसती फॉर्म्यालिटी."

कमळनं कागद उचलला. चौथीपर्यंत शिकलेली, ती सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. सगळ्यांना वाटलं, आता ठेवेल खाली. तिनं ठेवला नाही. वाचता वाचता तिला एकेक गोष्ट कळत गेली. चिंधूला वारस दोन. एक केसरीनाथ. दुसरी कमळ, आणि तिच्या नावापुढं त्या वडप्याच्या माणसाचं नाव. मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, सदर घरातील माझा संपूर्ण हक्क माझ्या भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. ती थांबली. पुन्हा वरून वाचलं. आता बोला! टाकीचं पाणी मोजताना ती नव्हती, आणि हक्क सोडायच्या वेळी पहिल्याच ओळीत हजर.

"हे हक्कसोडपत्र हाय," ती म्हणाली.

"आगो, सगळ्या बयनी करतात," केसरीनाथ म्हणाला. "रीत हाय. भावाकडं येनं-जानं ऱ्हातं, साडी-चोळी ऱ्हाते."

"त्या बयनी आपापल्या घरी जातात, दादूस. मी कुटं जानार? मला हितंच ऱ्हाचंय. बांधाला माजी ना न्हाय, संमती दे म्हन, देते. हक्क सोडनार न्हाय."

केसरीनाथचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. रागापेक्षा तो दुखावलाच जास्त होता, आणि ते पाहणं कमळला फार जड गेलं. "वडप्याशी तुला मी आनली," तो म्हणाला. "सायकलवर. इसरलीस?"

"इसरली न्हाय. सव्वीस वरसं रोज आठवली. आनलीस ते उपकार केलेस का घरी आनलीस, येवडं सांग. उपकार असतील तर फिटले, माज्या खांद्याला इचार. घरी आनली असशील तर मला घर दाखव. ह्या कागदावर कुटं हाय मी?"

"जिन्याखाली काडलीय की जागा," बाळाराम मध्येच बोलला. तिनं नुसतं पाहिलं. तो पेन्सिलीला टोक करू लागला.

जानकीबाईला राहवलं नाही. "खाल्ल्या घरचे वासे मोजते ही!"

"वासे न्हाय मोजले वयनी. मानसं मोजली. तुमी सात मोजली, मी आठ."

भाविक खाली बघायला लागला. त्याच्या लक्षात आलं होतं, शुक्रवारचं. कमळची जीभ एकदाही अडखळली नव्हती, आणि याचं तिलाच नवल वाटत होतं. इतकी वर्षं हे शब्द कुठं बसून होते कोण जाणे. तिनं बाळारामपुढचा नकाशा स्वतःकडं ओढला. वर दोन बेडरूम, दोन्हींना आत वेगळा संडास-बाथरूम, आणि मध्ये एक ऐसपैस हॉल. "वर दुसरा हॉल कशाला?" ती म्हणाली. "पावनं येतात ते खालीच बसतात, च्या खालीच पितात. मागच्या अंगाला दहा बाय नऊ खोली निगते. मी चालून बगितलंय."

"निगते," बाळाराम म्हणाला. खरं बोलणं भाग होतं, त्याच्या हातात टेप होता.

"लगीन होऊन जाऊ दे," केसरीनाथ हळूच म्हणाला. "मंग बगू तुज्या खोलीचं. मी शब्द देतो."

आणि तो देईल, पाळीलही कदाचित, हे तिला माहीत होतं. इथंच ती आजवर विरघळत आली होती. "शब्द बाबांनीबी दिलेला," ती म्हणाली. "लगीन तुज्या घरचं, वैशाखात. मला घाई न्हाय, दादूस. माजी सहीबी थांबंल, मीबी थांबते. किती थांबाचं ते तू बग."

बाहेर लूम खडखडत होते. केसरीनाथनं हितेशकडं पाहिलं, हितेशनं मनालीकडं, आणि मनाली भिंतीकडं बघत राहिली. तिचा हॉल चालला होता. शेवटी केसरीनाथच बहिणीकडं न बघता म्हणाला, "काड रं, बाळाराम." रागानंच म्हणाला, पण म्हणाला.

बाळारामनं हॉलमधून एक सरळ रेघ मारली, दुसरी मारली. खिडकी विचारली, कमळनं सांगितली. दार विचारलं, तेही सांगितलं. "आतून कडी," ती म्हणाली. "भायेरून नसली तरी चालंल." त्यानं मान हलवली. बाकीच्या खोल्यांत त्यानं आधीच बारीक अक्षरात नावं टाकली होती, हितेश, भाविक. इथं पेन्सिल टेकवून तो थबकला. "काय लिवू? गेस्ट लिवू?"

"आन हिकडं," ती म्हणाली. त्यानं पेन्सिल पुढं केली. तिनं ती घेतली नाही. "ही खोडता येते. पेन दे."

हितेशचं पेन हक्कसोडपत्रावर उघडंच पडलं होतं. तिनं तेच उचललं, नकाशावर वाकली आणि त्या चौकोनात सावकाश, एकेक अक्षर दाबून, कमळ चिंधू असं लिहिलं. वडप्याच्या माणसाचं नाव लिहिलं नाही. शाई वाळेपर्यंत तिनं कागद हातानं धरून ठेवला. बाळाराम अवघडून केसरीनाथकडं बघायला लागला.

"त्याच्याकडं काय बगतोस," कमळ म्हणाली. "खोली माजी हाय."